कुणाच्या हातची? एका बिननावाच्या जपानी गिटारच्या नोंदी

११ जानेवारी २०२५, शनिवार. नागोया

ओसू भागातल्या एका जुन्या वाद्यांच्या दुकानातून आज गिटार घरी आणली. 'जंक' लिहिलेल्या कोपऱ्यात, दोन तुटक्या कीबोर्डांच्या मागे उभी होती. कर धरून ८,८०० येन. गिब्सन या अमेरिकी कंपनीच्या लेस पॉल या इलेक्ट्रिक गिटारची नक्कल आहे. सनबर्स्ट रंग मधे मधासारखा पिवळा आणि कडांना काळपट होत गेलेला. नेक, म्हणजे गिटारचा लांब दांडा, चार स्क्रूंनी जोडलेला. हेडस्टॉकवरचं, म्हणजे नेकच्या टोकाच्या खुंट्यांच्या भागावरचं नाव कुणीतरी खरवडून काढलंय, तिथं लाखेवर फक्त एक फिकट पट्टा उरलाय. चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'आवाज येत नाही. १९७० चं दशक. फुजिगेन?' फुजिगेन हा जपानी गिटारींचा कारखाना. त्या प्रश्नचिन्हापायी घेतली.

रात्री मिरजेला बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवली. किंमत नाही विचारली, आवाजाचं नाही विचारलं. पहिला प्रश्न, "कुणाच्या हातची?"

आमचं घर सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. तिथं वाद्याबद्दल पहिला प्रश्न हाच असतो. तंबोरा बघायला आलेला माणूस आधी भोपळा बघतो, मग करणाऱ्याचं नाव विचारतो. मला उत्तर देता आलं नाही. म्हणून ही वही.

१२ जानेवारी

गिटार पुसली. पन्नास वर्षांचा धूर आणि घाम, कापड तीनदा बदललं. पुसताना लक्षात आलं की दोन पिकअपांच्या (तारांचा आवाज उचलणाऱ्या भागांच्या) मधे बोट आपटलं तर पोकळ आवाज येतो. म्हणजे वरचा उंचवटा अखंड मेपलचा नाही. प्लायवुडचे थर साच्यात दाबून वक्र केलेत आणि खाली हवा सोडलीय. सत्तरच्या दशकाच्या पहिल्या अर्ध्या भागातल्या जपानी नकलांत असं खूप आढळतं. अमेरिकेतल्या मूळ लेस पॉलचा नेक डिंकानं पक्का बसवलेला असतो. इथं स्क्रू आहेत, कारण स्क्रूनं काम लवकर होतं आणि गिटार खोक्यातून पाठवायला सोपी पडते.

एवढ्यावरून कारखाना कळत नाही. अशी गिटार तेव्हा जपानात अनेक जण करत होते.

१८ जानेवारी

आज काम थोडं, वाचन जास्त. गोंधळ कुठून सुरू होतो ते आधी नीट मांडून ठेवतो.

हेडस्टॉकवरचं नाव बहुतेक वेळा व्यापाऱ्याचं असतं. ग्रेको हे तोक्योच्या कांदा शोकाईचं नाव, आयबानेझ हे इथल्याच, नागोयाच्या होशिनो गाक्कीचं, आणि आरियाही नागोयाचंच, शिरो आराई यांच्या कंपनीचं. त्यात आयबानेझ हे तर साल्वादोर इबान्येझ या स्पॅनिश गिटार करणाऱ्याचं आडनाव, जपानी व्यापारातून पुन्हा जगभर गेलेलं. निर्यातीच्या मालावर अमेरिकेतला घाऊक व्यापारी स्वतःचं नाव लावायचा: युनिव्हॉक्स, इलेक्ट्रा, लाइल, व्हेंचुरा. एकाच बाकावर सकाळी झालेल्या चार गिटारींवर चार नावं लागू शकत होती. आणि एकच नाव चार कारखान्यांच्या मालावरही.

कारखाने बरेचसे मात्सुमोतो शहरात आणि आसपास, नागानो प्रांतात. दोन मोठे. फुजिगेन १९६० साली सुरू झाली, युइचिरो योकोउची आणि युताका मिमुरा यांनी काढलेली. 'गेन' म्हणजे तार. आधी साध्या लाकडी गिटारी, मग दोनेक वर्षांत इलेक्ट्रिक. दुसरी मात्सुमोकु. 'मोकु' म्हणजे लाकूड. ही १९५१ पासूनची सुतारकामाची कंपनी, सिंगरच्या शिलाई मशीनची लाकडी कपाटं करायची. साठच्या दशकाच्या मध्यापासून गिटारीकडे वळली. गोल कडा, चकचकीत लाख, आतून नीट बसणारे सांधे हे सगळं त्या हातांना मशीनच्या कपाटांमुळे आधीपासून येत होतं.

हे वाचताना मला मिरजेचे शिकलगार आठवले. हत्यारांना धार लावणारी, घडवणारी माणसं. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी सतारी दुरुस्त करता करता सतारी घडवायला घेतल्या आणि त्यांच्या मागे सगळी गल्ली उभी राहिली. फरक एवढाच, की आमच्याकडे वाद्यावर घडवणाऱ्याचं नाव राहिलं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हाही ते करणाऱ्यांच्या गावाच्या नावानं मिळालं. मात्सुमोतोच्या सुतारांना हे मिळालं नाही, आणि ते मला मनापासून टोचतं.

आता 'लॉसूट गिटार' या शब्दाबद्दल. विकणारे हा शब्द सत्तरच्या दशकातल्या कुठल्याही जपानी नकलेला चिकटवतात, जणू त्या प्रत्येकीवर खटला भरला होता. खटला एकच. २८ जून १९७७ रोजी गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिन हिनं फिलाडेल्फियाच्या संघीय न्यायालयात एल्जर या कंपनीविरुद्ध दावा केला. एल्जर म्हणजे होशिनोची अमेरिकेतली शाखा. मुद्दा होता हेडस्टॉकच्या आकाराचा, वरून उघड्या पुस्तकासारखा दिसणारा तो आकार. गंमत नाही, पण नोंदवण्याजोगं: आयबानेझनं तो आकार दाव्याच्या आधीच बदलायला घेतला होता. १९७८ च्या सुरुवातीला प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं. कारखान्यांवर खटला नव्हताच. उलट गिब्सनच्याच मालकीचं एपिफोन हे नाव १९७० च्या सुमारापासून मात्सुमोकुत बनणाऱ्या गिटारींवर लागत होतं.

त्यामुळे या वहीत 'लॉसूट' हा शब्द पुन्हा येणार नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

स्क्रू काढायला बसलो. पहिल्याच स्क्रूला स्क्रूड्रायव्हर निसटला. नशीब, जोर लावला नव्हता. मग डोक्यावर भिंग धरलं. चार पाकळ्यांच्या खाचेशेजारी एक बारीक खळगा दिसला, टाचणीनं टोचल्यासारखा. ही जपानी मानकाची खूण. खाच फिलिप्ससारखीच दिसते, पण तळाशी वेगळी. फिलिप्सचं टोक तिच्यात पूर्ण उतरत नाही, वर उचललं जातं आणि कडा खातं. जपानी स्क्रूड्रायव्हर घेतला तर पाव वळणात सुटला. भारतात अशा गिटारी दुरुस्तीला आल्या की स्क्रूंची डोकी गोल झालेली असतात, त्यामागे बहुतेक हेच कारण.

आता नेकमागची प्लेट. कोरी, एक अक्षर नाही. मात्सुमोकुच्या गिटारींवर नेहमी दिसणारी प्लेट 'स्टील अ‍ॅडजस्टेबल नेक' अशा अक्षरांची असते, त्यामुळे कोरी प्लेट बघून क्षणभर वाटलं, झालं, मात्सुमोकु बाद. पण प्लेट उचलली आणि खाली लाखेवर तिची सावली दिसली. पन्नास वर्षं उजेड न लागलेली, ताज्या रंगाची चौकट. ती चौकट प्लेटपेक्षा मोठी आहे, उभ्या बाजूला दोन्हीकडे जवळपास मिलिमीटरभर. म्हणजे ही प्लेट मूळची नाही. नाव खरवडणाऱ्यानंच बदलली की आणखी कुणी, कोण जाणे. सोपा पुरावा गेला. पण तो गेलाय हे कळणं हीसुद्धा एक नोंद.

९ फेब्रुवारी

नेक बाहेर काढला. अर्धा तास हलक्या हातानं हलवत, कारण खाचेतली लाख दोन्हीकडे चिकटली होती. सुटताना 'टक्' असा आवाज आला आणि जुन्या लाकडाचा वास. आत कागदासारखी पातळ लाकडी पाचर. नेकच्या टाचेवर लाल शाईचा गोल शिक्का, पुसट, मधे एकच चिन्ह: 'केन', म्हणजे तपासणी. आणि शेजारी पेन्सिलीनं ५०. बॉडीच्या खाचेतही पेन्सिलीनं ५०.

मला एकदम आनंद झाला. जपानात वर्ष सम्राटाच्या कारकिर्दीवरून मोजतात. शोवा ५० म्हणजे १९७५. दोन्हीकडे तेच वर्ष! वहीत मोठ्या अक्षरांत '१९७५' लिहिलं. (ते खाली खोडावं लागलं, तशीच ठेवलीय खाडाखोड.)

पिकअप: दोन कॉइलच्या हंबकरचं झाकण, आत एकच कॉइल. त्या काळच्या स्वस्त नकलांत नेहमीचं. आवाज न येण्याचं कारण जॅकची तुटलेली तार, दहा मिनिटांचं काम. पिकअपवरून, ट्यूनरवरून (तारा ताणायच्या खुंट्यांवरून) कारखाना ठरवण्याच्या फंदात पडत नाही. ट्यूनर गुन्मा प्रांतातल्या गोतोहसारख्यांकडून यायचे, पिकअप निस्शिन ओनपासारख्यांकडून, ज्यांचं मॅक्सन हे नाव गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलमुळे आज सगळ्यांना माहीत आहे. एकच पुरवठादार अनेकांना माल द्यायचा. विकत घेतलेला भाग कारखान्याची साक्ष देत नाही. साक्ष देतं ते तिथंच कापलेलं लाकूड.

१५ मार्च, शनिवार

ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं त्याची ग्रेको उघडू दिली. तीही स्क्रूनं जोडलेल्या नेकची. क्रमांक एफ ७६ नं सुरू होतो. फुजिगेनची ही पद्धत सगळ्यात सरळ: ए ते एल म्हणजे जानेवारी ते डिसेंबर, पुढचे दोन आकडे वर्ष. त्यामुळे ही जून १९७६ ची. ग्रेकोच्या मॉडेलच्या आकड्यातही माहिती असते, ईजी-५०० म्हणजे ५०,००० येन. तेव्हाच्या जाहिरातींची ही प्रामाणिक सवय मला फार आवडते.

माझी तिच्याशेजारी ठेवली. बाहेरून बहिणी, आतून नाही. ग्रेकोच्या कंट्रोलच्या (आवाजाच्या बटणांच्या) पोकळीची कड एका फिरत्या कटरनं सलग कापलेली. माझ्या पोकळीत तीन मोठी भोकं एकमेकांत घुसवून मधला भाग पटाशीनं उडवलेला दिसतो, भोकांच्या कमानी तशाच राहिल्यात. तारांचा बोगदा ग्रेकोत सरळ, माझ्यात तिरका. नेकच्या खाचेचा तळ ग्रेकोत चौकोनी कोपऱ्यांचा, माझ्यात गोलाई. एका गिटारवरून फुजिगेनला पूर्ण बाद करता येत नाही, साचे वर्षागणिक बदलतात. पण दुकानदाराच्या प्रश्नचिन्हाकडे माझा कल उरला नाही.

सहकारी शेजारी बसून चहा पीत होता. त्याच्या वडिलांची गिटार. स्वतः नेकची टाच पहिल्यांदाच बघत होता. म्हणाला, "ओतोसान (बाबा) यांना दाखवायला हवी होती." मग आम्ही जरा वेळ काहीच बोललो नाही.

५ एप्रिल, शनिवार

महत्त्वाचा दिवस, सविस्तर लिहितो.

माझ्या जपानीच्या शिकवणीतल्या सेन्सेईंच्या भावाकडे आरिया आहे. लेस पॉलचीच नक्कल. १९७४ मध्ये त्यांनी नवी घेतली होती, हमीपत्र अजून खोक्यात. आराईंच्या गिटारी करणारा मुख्य कारखाना मात्सुमोकु, पण आरिया नाव आहे एवढ्यावर मी मानणार नव्हतो. प्लेट बघितली: 'स्टील अ‍ॅडजस्टेबल नेक'. काढली, खाली सावली, प्लेटच्या बरोबरीची. सोल्डर कुणी हात न लावलेला. चारही स्क्रूंच्या डोक्यांवरची लाखेची धूळ तशीच. म्हणजे ही गिटार आपली साक्ष स्वतः देऊ शकते.

त्यांच्या परवानगीनं ती प्लेट माझ्या गिटारच्या सावलीवर ठेवली. चारही कडा जुळल्या. प्लेटही विकत आणलेला भाग असू शकतो, म्हणून याला मी अर्धाच गुण देतो.

पोकळी उघडली. तीन भोकं, एकमेकांत घुसलेली. तिसरं जरा वर सरकलेलं. माझ्याही गिटारमध्ये तिसरंच वर सरकलेलं आहे. भोकांच्या केंद्रांमधलं अंतर कॅलिपरनं मोजलं, दोन्हीकडे फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत. बोगदा तिरका. खाचेच्या तळाला तीच गोलाई. हा साचा एकच.

मग नेकची टाच. केनचा शिक्का नाही, पण पेन्सिलीनं आकडा आहे: ३५. बॉडीच्या खाचेत पण ३५.

शोवा ३५ म्हणजे १९६०. तेव्हा मात्सुमोकु इलेक्ट्रिक गिटार करतही नव्हती, आणि ही गिटार तर १९७४ ची, शोवा ४९. मग ३५ हे वर्ष असूच शकत नाही. आणि ३५ वर्ष नसेल तर माझं ५० सुद्धा वर्ष नाही. ९ फेब्रुवारीचं '१९७५' तिथंच खोडलं.

घरी परतताना ट्रेनमध्ये मी दोन्ही आकड्यांचे फोटो शेजारी ठेवून बघत होतो, वाईट वाटून घेत. आणि कानागावा… नाही, कानायामा स्टेशन यायच्या आत दिसलं. दोन्हीकडे ५ आहे. ५ ची वरची आडवी रेघ दोन्हीकडे शेवटी, वेगळी ओढलेली. खालच्या पोटापासून सुटलेली, मधे तांदळाच्या दाण्याएवढी फट. आणि रेघ उजवीकडे चढत जाते. माझ्या नेकवरच्या ५ ला तशी, माझ्या बॉडीवरच्या ५ ला तशी, आरियाच्या दोन्ही ५ ना तशी.

२९ एप्रिल, मंगळवार. मात्सुमोतो

शोवा दिनाची सुट्टी. सकाळच्या शिनानो एक्सप्रेसनं, पिशवी पाठीवर, पिशवीत फक्त नेक आणि फोटो. कीसो खोऱ्यातून दोन तास, डोंगर जवळ येतात तसे रुळांच्या दोन्ही बाजूंना लाकडाच्या वखारी दिसायला लागतात. मात्सुमोतोत उतरलं की पश्चिमेला जपानी आल्प्सवर बर्फ. हवा कोरडी, ओठ फुटतील इतकी. लाकूड वाळवायला अशी हवा म्हणजे वरदान. फर्निचरसाठी हे गाव गिटारींच्या आधीपासून प्रसिद्ध आहे. आणि शिनिची सुझुकींनी मुलांना व्हायोलिन शिकवण्याचं काम युद्धानंतर याच गावात उभं केलं.

मात्सुमोकु बघायला मिळणार नाही हे माहीत होतं. १९८७ साली ती बंद झाली. १९८५ च्या प्लाझा करारानंतर येन भराभर महाग झाला, स्वस्त गिटारींचं काम कोरियाकडे सरकलं. फुजिगेन मात्र टिकली. १९८२ मध्ये फेंडर जपान स्थापन झाली तेव्हा नकला करणाऱ्या याच हातांना फेंडरनं स्वतःच्या नावाचं काम दिलं. आजही ती गिटारी करते.

नाकामाची रस्त्यावर, काळ्या-पांढऱ्या भिंतींच्या जुन्या गोदामांच्या ओळीत, फर्निचरचं एक दुकान आहे. तिथल्या आजोबांनी तरुणपणी काही वर्षं गिटार कारखान्यांना नेक पुरवणाऱ्या छोट्या कार्यशाळेत काम केलंय असं सेन्सेईंच्या भावानं सांगितलं होतं. नेक हातात दिला. त्यांनी आधी पाठीवरून अंगठा फिरवला, खालून वर, एकदाच. मग टाच उजेडात धरली.

माझं जपानी तोडकंमोडकं, म्हणून ते हळू बोलले. नेक आणि बॉडी कच्च्या लाकडातच एकमेकांना बसवून बघायचे. बसली जोडी की दोन्हीवर एकच आकडा. मग जोडी सोडायची, नेक एकीकडे, बॉडी रंगाला दुसरीकडे. परत आल्यावर आकडा बघून पुन्हा तीच जोडी. शंभरपर्यंत झाले की पुन्हा एकपासून. रंगाच्या थरानं खाच आवळली की पटाशीनं एक साल काढायची. माझ्या फोटोत खाचेच्या डाव्या भिंतीवर तो पटाशीचा घाव त्यांनी नखानं दाखवला. मी तो अडीच महिने ओरखडा समजत होतो.

मी विचारलं, मग ही मात्सुमोकुची का? ते म्हणाले, नेक कदाचित आमच्यासारख्या कुणाच्या शेडमधला असेल. सकाळी छोट्या ट्रकनं नेक यायचे, बॉड्या यायच्या. दुसऱ्याच शेडमध्ये रंग. "पण जोडी लावणारा माणूस एकच असतो," असं म्हणून त्यांनी बोटानं हवेत ५ काढला, वरची रेघ शेवटी, वेगळी.

त्यांना तो माणूस माहीत नव्हता. लिहायची पद्धत तेवढी त्यांनी ओळखली, घाईत पेन्सिल टेकवणाऱ्याची.

३० एप्रिल

बाबांना दोन्ही फोटो पाठवले आणि फोन केला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं. मागे कुकरची शिट्टी झाली, आई काहीतरी म्हणाली, ते बघतच होते. मग म्हणाले, "एकाच हातची आहेत रे दोन्ही."

३ मे, शनिवार

जॅक, नवी वायर, पॉटमध्ये (आवाजाच्या बटणांखालच्या भागात) क्लीनर, फ्रेट पॉलिश, तारा दहा नंबरच्या जाडीच्या. मूळ पाचर होती तशीच परत ठेवली. कोरी प्लेट काढून टाकली नाही, तीही आता या गिटारच्या इतिहासात आहे. जुनी वाटावी म्हणून अक्षरांची प्लेट विकत आणून बसवणार नाही.

कंट्रोलच्या पोकळीत, झाकणाच्या आतल्या बाजूला, एक कार्ड चिकटवलं. पुढे कुणी उघडेल त्याच्यासाठी, जपानीत आणि मराठीत:

'काळ: १९७४ च्या आसपास. बॉडीचा साचा: मात्सुमोकु, मात्सुमोतो. नेक: मात्सुमोतोच्या परिसरातल्या कार्यशाळेतला असण्याची शक्यता. प्लेट बदललेली. जोडी क्रमांक ५०. जोडी लावणारे: ५ ची वरची रेघ शेवटी ओढणारे.'